भिंतीवरचा गुलाब
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही व्याख्याती नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. आजवर या मंडळात मी सतरंज्या घातल्या, हळदीकुंकवाची आणि फराळाची व्यवस्था पाहिली, पण या टेबलामागे कधी उभी राहिले नाही. चिटणीसबाईंनी महिनाभर तगादा लावला, की तुम्ही सहा महिने विलायतेत राहून आलात, तिथले काहीतरी सांगा. मी म्हटले, बाई, मी बहिणीचे बाळंतपण करायला गेले होते, राजवाडे पाहायला नव्हे. लंडन मी विमानतळापुरतेच पाहिले. त्या देशातली एक गल्ली, एक स्वयंपाकघर आणि एक गुलाब एवढेच मला नीट ठाऊक आहे. तेव्हा गुलाबाविषयीच बोलते. त्यात माझ्या हातून एक मोठी चूक झाली, तीही सांगते. आपल्या माणसांत सांगायला लाज कसली?

माझी धाकटी बहीण नर्स आहे. इंग्लंडात वुल्व्हरहॅम्प्टन म्हणून गाव आहे, तिथे ती आणि तिचे यजमान भाड्याच्या घरात राहत होते. 2022 सालच्या फेब्रुवारीच्या मध्यावर मी तिथे पोचले. मार्चमध्ये तिचे दिवस भरत होते. माझ्या बॅगेत डिंक, हळीव, बाळंतशेपा, ओवा, सुंठ, हिराबोळ असा सगळा बाळंतविडा होता, आणि पायांत दोन-दोन मोजे. तिथली थंडी काय सांगू! सकाळी नऊ वाजता उजाडल्यासारखे वाटे आणि पाच वाजता दिवे लावावे लागत.

तिकडे दोन-दोन घरे पाठीला पाठ लावून नव्हे, तर कुशीला कुस लावून बांधतात. एका घरात बहीण राहत होती. शेजारच्या अर्ध्यात घरमालकीण, ऐंशी वर्षांच्या आजीबाई, एकट्याच. दोन्ही घरांच्या मागे अंगण, मध्ये कमरेइतके कुंपण. आमच्या मागच्या विटांच्या भिंतीवर वाळल्या काटक्यांचे एक जाळे पसरलेले होते. पान नाही, फूल नाही, नुसते काटे. काही फांद्या थेट वर पन्हळीपर्यंत गेल्या होत्या. बहीण म्हणाली, "गुलाब आहे तो, आजीबाईंचा. उन्हाळ्यात फुलतो." एवढे बोलून ती कामावर गेली. तिचे ते रजेआधीचे शेवटचे आठ दिवस होते. आणि आजीबाई त्याच आठवड्यात मुलाकडे गेल्या होत्या.

आता तुम्हांला माहीत आहे, आमच्या दारात पाच-सहा गुलाब आहेत. दरवर्षी पाऊस संपला, की दसऱ्याच्या सुमारास मी त्यांची छाटणी करते. अगदी गुडघ्याएवढी ठेवते. चार दिवस झाड भुंडे दिसते, मग तांबूस धुमारे येतात आणि दीड महिन्यात फुले. माझ्या सासूबाईंनी मला हे शिकवले आणि वीस वर्षांत मला कधी त्याचा पश्चात्ताप झाला नाही. त्या भिंतीवरचा पसारा पाहून माझ्या मनात आले, बिचाऱ्या म्हाताऱ्या बाई एकट्या, त्यांना कुठले होणार हे काम? आपण करून ठेवू. येतील तेव्हा खूश होतील.

मागच्या खोपटात झाडाची कात्री आणि करवत होती. एका सकाळी जरा ऊन पडले तशी मी पदर खोचला आणि हात पोचेल तिथवर सगळे कापले. अंगठ्याएवढ्या जाड फांद्या होत्या. काही ठिकाणी त्या तारेला सुतळीने इतक्या नीट बांधल्या होत्या, की ते पाहूनच मला समजायला हवे होते. ज्याने कोणी हे बांधले, त्याने विचार करून बांधले. पण हात चालू लागला, की डोके थांबते. संध्याकाळपर्यंत भिंत स्वच्छ. खाली कमरेइतके खुंट राहिले, आणि पन्हळीखाली गेलेल्या दोन फांद्या, कारण तिथे शिडीशिवाय पोचता येईना. कापलेल्या काटक्यांतल्या पेन्सिलीएवढ्या दहा-बारा निवडून मी बहिणीने कोथिंबिरीसाठी केलेल्या वाफ्याभोवती खोचल्या. तिथल्या एका मांजराला नेमका तोच वाफा आवडत असे. बाकीच्या भारा बांधून कोपऱ्यात ठेवल्या. अंगण झाडून काढले आणि चहा करून प्याले. त्या चहाची चव मला अजून आठवते, इतकी मी समाधानात होते.

दोन दिवसांनी आजीबाई परतल्या. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आमची भिंत समोर दिसते. मी मागे कपडे वाळत घालत होते. त्या दाराबाहेर आल्या, कुंपणाशी उभ्या राहिल्या आणि भिंतीकडे पाहत राहिल्या. मी हसून हात केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलेच नाही. "ओ नो," एवढे दोन शब्द मला कळले. मग त्या आत गेल्या आणि दार लागले.

बहीण कामावरून आली, तिने भिंत पाहिली आणि हातातली पिशवी खाली ठेवली. "ताई, काय केलंस हे!"

"अगं, छाटणी केली. आठ-पंधरा दिवसांत बघ कसे धुमारे येतात!"

"धुमारे येतील गं. पण फुलं नाही येणार. हा वर्षातून एकदाच फुलतो, जूनमध्ये. गेल्या वर्षीच्या फांद्यांवर. आजोबांनी लावलेला आहे तो."

मग तिने सगळे सांगितले. आजीबाईंच्या यजमानांनी 1984 साली, लग्नाला वीस वर्षे झाली तेव्हा, हा गुलाब लावला होता. दरवर्षी तेच शिडीवर चढून त्याच्या फांद्या बांधत. 2020 सालच्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या पहिल्या लाटेत, ते इस्पितळात गेले ते परत आले नाहीत. आजीबाईंना भेटू दिले नाही. अंत्यविधीला मोजकी माणसे. त्या जूनमध्ये गुलाब फुलला, तशी त्यांनी पहिली फुले नेऊन त्यांच्या थडग्यावर ठेवली, आणि पुढच्या वर्षीही ठेवली. यंदा आणखी एक गोष्ट होती. राणी एलिझाबेथ यांना राज्यावर येऊन 70 वर्षे झाली म्हणून जूनच्या पहिल्या रविवारी गल्लीगल्लीत टेबले मांडून जेवण करायचे ठरले होते. आमच्या गल्लीच्या टेबलांवर ठेवायला फुले देणार होत्या आजीबाई.

भगिनींनो, त्या रात्री मला घास गेला नाही. आपल्याकडे झाड कापले, तर झाड परत येते, असे आपण म्हणतो. पण ऐंशी वर्षांच्या बाईचा एक जून मी कापून टाकला होता. तो कुठून परत आणायचा? शिवाय बहीण त्यांच्या घरात भाड्याने राहणारी, नववा महिना लागलेला. तिने मला शब्दानेही टोचले नाही, पण रात्री ती दोघे हळू आवाजात बोलत होती, ते मला ऐकू येत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिरा केला, बदाम-काजू घालून, आणि बशी घेऊन त्यांच्या दाराशी गेले. वाटेत पाठ केले होते, "आय ॲम सॉरी. आय डू नॉट नो." त्यांनी बशी घेतली, "थँक यू" म्हटले आणि दार लावून घेतले. संध्याकाळी बशी आमच्या पायरीवर ठेवलेली सापडली. स्वच्छ धुतलेली आणि रिकामी. आपण कोणाचे भांडे रिकामे परत देतो का? निदान चिमूटभर साखर तरी घालतो. मला ते फार लागले. बहीण म्हणाली, "अगं, इकडे तशी रीतच नाही, तू मनावर घेऊ नकोस." पण माझ्या मनातून ती रिकामी बशी जाईना.

मार्चमध्ये बहिणीला मुलगी झाली. मग मला दुसरे काही सुचायला वेळच राहिला नाही. बाळाला न्हाऊ-माखू घालणे, बाळंतिणीचा शेक, हळिवाची खीर, डिंकाचे लाडू. तिथे शेगडीची धुरी देता येत नाही, छताला एक डबी लावलेली असते, ती धूर लागला की किंचाळते. हे आम्हांला कसे कळले, ते विचारू नका.

एप्रिलमध्ये एके दिवशी पाहते तो त्या खुंटांना लालसर डोळे फुटले आहेत. पुढच्या आठवड्यात हिरवेगार फोक वर निघाले, हातभर, दोन हात, बघता बघता वाढणारे. मला इतका आनंद झाला, की मी कुंपणापाशी जाऊन "लुक, लुक!" म्हणून हाका मारल्या. आजीबाई बाहेर आल्या. पाहिले. मान हलवली आणि म्हणाल्या, "नेक्स्ट इयर." पण या खेपेला त्या आत गेल्या नाहीत. वळसा घालून आमच्या अंगणात आल्या, खिशातून सुतळीचा गुंडा काढला, एक कोवळा फोक धरला आणि हळूहळू आडवा वाकवून तारेला बांधून दाखवला. मग मला म्हणाल्या, "डाउन. नॉट अप."

तेव्हापासून आमची शाळा सुरू झाली. त्यांचे गुडघे गेलेले, त्यांना शिडी चढता येईना. मी चढायचे, त्या खालून काठीने दाखवायच्या. माझे इंग्रजी सातवीचे, त्यांना मराठीचा गंध नाही, पण वर, खाली, घट्ट, सैल एवढे समजायला भाषा लागतेच कुठे? चुकले की त्या काठी आपटीत. अगदी माझ्या सासूबाईंसारख्या!

आता या गुलाबाची माहिती सांगते, म्हणजे मी काय चुकले ते तुम्हांला नीट कळेल. आपल्या दारातले बहुतेक कलमी गुलाब नव्या फुटीवर फुलतात. म्हणून छाटले की नवी फूट आणि फुटीला फूल. वर्षभर हे चालते. हा गुलाब जुन्या वळणाचा. यंदा जी फांदी वाढते, ती हिवाळाभर झोपते आणि पुढच्या उन्हाळ्यात तिच्या डोळ्यांतून आखूड फुटवे निघून त्यांना कळ्या लागतात. फेब्रुवारीत फांदी कापली, म्हणजे येणारी सगळी फुले कापली. याची छाटणी करायची ती फुलून गेल्यावर, जुलैमध्ये. तीही फार जून झालेली एखादी फांदी बुंध्यातून काढायची, बाकीच्यांचे फुलून गेलेले आखूड फुटवे तेवढे खुडायचे.

आणि तो आडवा बांधायचा. गुलाबाला आपल्या कारल्यासारखे किंवा द्राक्षासारखे तंतू नसतात, तो स्वतः काही धरत नाही. भिंतीला वीत-दीड वीत अंतरावर आडव्या तारा ठोकून, पंख्याच्या काड्यांसारख्या फांद्या पसरून बांधाव्या लागतात. फांदी सरळ उभी सोडली, तर सगळा जोर शेंड्याला जातो आणि फुले शेंड्यालाच येतात, पन्हळीवर कावळ्यांनी पाहावीत अशी. आडवी केली की तिच्या प्रत्येक डोळ्याला फूट येते. कोवळी असतानाच वाकवावी, पुढे मोडते. बांधायला तार वापरू नये, सुतळी वापरावी, म्हणजे फांदी जाड झाली तरी काचत नाही. ही गोष्ट आपल्याकडच्या वेली गुलाबांनाही लागू आहे. मी घरी येऊन आमच्या गच्चीच्या कठड्यावरच्या वेलाला हे केले, आणि ज्यांना पाहायचे असेल त्यांनी अवश्य यावे.

या गुलाबाचे नाव 'कॉन्स्टन्स स्प्राय'. मला वाटले होते हे आजीबाईंचेच नाव असेल. तसे नाही. कॉन्स्टन्स स्प्राय नावाच्या एक बाई होऊन गेल्या. 1886 साली जन्मल्या आणि 1960 साली वारल्या. त्या आधी शिक्षिका होत्या. लंडनच्या गरीब वस्तीत, कारखान्यांत काम करणाऱ्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. चाळिशी ओलांडल्यावर, 1929 साली, त्यांनी फुलांचे दुकान काढले. (आपल्यापैकी ज्या म्हणतात, की आता या वयात काय नवे करायचे, त्यांनी ऐकून ठेवावे.) मोठमोठ्या घरांत तेव्हा महागड्या फुलांचे ठरावीक गुच्छ ठेवीत. या बाईंनी कुंपणावरच्या रानवेली, गवताचे तुरे, कोबीच्या जातीतली पाने, असले काहीबाही आणून सजावट करायला सुरुवात केली आणि लोक थक्क झाले. जुन्या, लोक विसरत चाललेल्या गुलाबांच्या जाती जमवण्याचाही त्यांना नाद होता. 1953 साली राणी एलिझाबेथ यांच्या राज्याभिषेकाच्या वेळी फुलांच्या सजावटीचे काम त्यांच्याकडे होते. रोझमेरी ह्यूम यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेले स्वयंपाकाचे जाडजूड पुस्तक 1956 साली निघाले. आपल्याकडे नव्या नवरीला कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा' देतात, तसे आजीबाईंना लग्नात ते पुस्तक मिळाले होते. त्यांनी मला दाखवले, पानापानावर तुपा-लोण्याचे डाग. त्यांच्या यजमानांनी गुलाब निवडला तो याच कारणाने. म्हणाले, तुझ्या पुस्तकवाल्या बाईंचा गुलाब आहे, तुझ्या खिडकीसमोर लावतो.

हा गुलाब तयार केला डेव्हिड ऑस्टिन नावाच्या माणसाने. शेतकऱ्याचा मुलगा, जन्म 1926 सालचा. त्यांना जुने गुलाब आवडत, शंभर पाकळ्यांचे, वाटीसारखे, सुवासाचे. पण बाजारात तेव्हा निमुळत्या कळीच्या, भडक रंगाच्या नव्या गुलाबांची चलती होती, ज्यांतल्या पुष्कळांना वासच नाही. शेती सांभाळून फावल्या वेळात ते एकाचे पराग दुसऱ्याच्या फुलाला लावीत बसत. 'बेल इसिस' नावाचा एक जुना गुलाब आणि 'डेंटी मेड' नावाचा एक नवा, यांच्या संकरातून हा झाला. 1961 साली तो लोकांपुढे आला. ज्यांचे नाव दिले, त्या बाई आदल्याच वर्षी गेल्या होत्या. स्वतःच्या नावाचा गुलाब फुललेला त्यांना काही लोकांच्या दारात पाहायला मिळाला नाही. ऑस्टिन यांनी पुढे 1969 साली रोपवाटिका काढली आणि वर्षातून पुन्हा पुन्हा फुलणारे गुलाब केले. त्यांना 'इंग्लिश रोज' म्हणतात. त्या सगळ्या घराण्याचा हा मूळ पुरुष. म्हणजे मूळ स्त्री म्हणा हवे तर, नाव बाईचेच आहे.

आता जूनकडे येते. पन्हळीखालच्या त्या दोन फांद्या, ज्या केवळ माझा हात पोचला नाही म्हणून वाचल्या होत्या, त्यांवर मेच्या अखेरीस कळ्या दिसू लागल्या. मी रोज मोजत असे. आधी नऊ, मग अकरा, शेवटी चौदा. दरवर्षी त्या भिंतीवर शेकड्यांनी येत. रविवारी, 5 जूनला, गल्लीचे जेवण होते. शनिवारी संध्याकाळी आजीबाईंनी मला शिडीवर चढवले. उमललेली सात फुले होती. मी पहिले फूल देठासकट कापून खाली दिले. केवढे म्हणाल? आपल्या आमटीच्या वाटीएवढे. आत पाकळ्यांवर पाकळ्या, आणि रंग असा, की नुकत्या न्हालेल्या बाळाच्या टाचेचा. मी ते नाकाशी नेले आणि शिडीवरच थबकले. मला आमच्या गुलकंदाच्या गुलाबाचा वास अपेक्षित होता. हा वेगळाच. ओळखीचा, पण कुठला ते आठवेना. मग एकदम लक्षात आले, बडीशेप! बाळंतिणीच्या खोलीचा वास!

खाली उतरून मी बहिणीला सांगितले, तिने आजीबाईंना. त्या म्हणाल्या, या वासाला गुलाबवाले 'मर' म्हणतात. बहिणीने फोनमध्ये 'मर' म्हणजे काय ते शोधले आणि हसायलाच लागली. 'मर' म्हणजे आपला हिराबोळ! मी धावत आत जाऊन हिराबोळाची पुडी आणली. आम्ही तिघी मागच्या पायरीवर बसलो, एका हातात फूल, एका हातात पुडी. कधी हे हुंगतो, कधी ते. खरे सांगते, जुळत नाही. हिराबोळ उग्र आणि कडू. फुलाला वास बडीशेपेचाच, गोडसर. नाव कोणी ठेवले कोण जाणे! बाळंतशेपांची पुडी आणून ताडून पाहिले, तर त्याही नाहीत, बडीशेपच. पण आजीबाईंनी हिराबोळाचा खडा तळहातावर घेतला आणि कितीतरी वेळ पाहत राहिल्या. त्यांच्या धर्मग्रंथात बाळ येशूला ज्या तीन भेटी आणल्याची कथा आहे, त्यांत ही एक वस्तू. जन्मभर नाव ऐकले होते, डोळ्यांनी प्रथमच पाहत होत्या. हे तुम्ही बाळंतिणीला देता? त्यांनी विचारले. मी म्हटले, "येस. मदर. लिटल." त्यांनी मान डोलावली, जणू त्यांना ते फार पटले.

सातांपैकी तीन फुले त्यांनी दुसऱ्या दिवशी पहाटेच थडग्यावर नेली. मलाही बरोबर नेले. मी लांब उभी राहिले होते, त्यांनी खूण करून जवळ बोलावले. तिथे काय बोलायचे असते ते मला माहीत नव्हते, म्हणून मी चप्पल काढून नमस्कार केला. तीन फुले टेबलावर गेली, प्रत्येक टेबलाला एक. आणि सातवे? सकाळी मी बटाटेवडे तळत होते, तेव्हा दार वाजले. आजीबाई बशी घेऊन उभ्या. आमचीच बशी, आदल्या आठवड्यात मी तीतून शंकरपाळे दिले होते. बशीत तीन गोड पाव आणि बाजूला ते सातवे फूल. मी बहिणीकडे पाहिले. ती म्हणाली, "मी त्यांना मागेच सांगितलं होतं, आमच्यात भांडं रिकामं परत देत नाहीत म्हणून." मला रडू आले. वडे जळायला लागले, म्हणून ते तेवढ्यावर आवरले.

जेवणाचे एक गमतीचे सांगते. राज्याभिषेकाच्या वेळी परदेशी पाहुण्यांसाठी या कॉन्स्टन्सबाई आणि रोझमेरीबाई यांच्या शाळेने कोंबडीचा एक पदार्थ केला होता, तो तिकडे अजून करतात. थंड कोंबडी, अंड्याचे सारण, जर्दाळूचा गर आणि त्यात करी पावडर! आमच्या घरी रविवारी कोंबडी शिजते, म्हणून मला खायला हरकत नव्हती. सगळे मोठ्या उत्सुकतेने माझ्या तोंडाकडे पाहत होते, की आता ही हिंदुस्थानी बाई काय म्हणते. मी "गुड" म्हटले. पण भगिनींनो, कोंबडी गोड आणि गार खायची असते हे मला पटलेले नाही. माझे वडे मात्र दहा मिनिटांत संपले.

पुढच्या आठवड्यात बहिणीच्या यजमानांनी आम्हां सर्वांना गाडीतून ऑलब्रायटनला नेले. वुल्व्हरहॅम्प्टनपासून जवळच आहे. तिथे त्या ऑस्टिन यांची रोपवाटिका आणि मोठी गुलाबबाग आहे. ते स्वतः 2018 साली, ब्याण्णव वर्षांचे होऊन वारले. बागेत शिरल्यावर मला प्रथम वासानेच गरगरल्यासारखे झाले. भिंती, कमानी, खांब, जिकडे पाहावे तिकडे गुलाब. किती जाती पाहिल्या ते सांगू शकणार नाही. 'गर्ट्रूड जेकिल' म्हणून गडद गुलाबी एक आहे, 1986 सालचा, त्याला मात्र अगदी आपल्या अत्तराच्या गुलाबाचा वास येतो, आणि तो पुन्हा पुन्हा फुलतो. 'ग्रॅहम थॉमस' पिवळा. पण आजीबाई कशापाशी फारशा थांबल्या नाहीत. मी विचारले, तुमच्या भिंतीवर दुसरा एखादा गुलाब लावायचा का, सहा-सहा महिने फुलणारा? मी पैसे देते. मनातून मला अजून भरपाई करायची होती. त्या म्हणाल्या, नको. तीन आठवडेच फुलतो, म्हणून तर त्याची वाट पाहते.

जुलैमध्ये आम्ही योग्य ती छाटणी केली. नऊ नवे फोक भिंतीवर पंख्यासारखे बांधून झाले. माझी परतायची वेळ आली, तेव्हा एका सकाळी आजीबाई कोथिंबिरीच्या वाफ्यापाशी उभ्या राहून मला हाका मारू लागल्या. मांजरासाठी खोचलेल्या त्या काटक्या आठवतात ना? बाकीच्या वाळून गेल्या होत्या, पण एकीला पाने फुटली होती. हलकेच ओढून पाहिली, तर हलेना. मुळे धरली होती तिने. मी फेब्रुवारीत फेकलेल्या भाऱ्यातली काटकी!

इथे येण्यापूर्वी दोघी-तिघींनी मला विचारले, की मग ते रोप आणले का? खरे सांगते, माझ्या मनात आले होते. ओल्या फडक्यात गुंडाळून साडीच्या घडीत घालावे. पण असे रोप परदेशातून आणायला सरकारी परवाना आणि तपासणीचा दाखला लागतो, नाहीतर झाडांचे रोग त्याबरोबर येतात. बहिणीने मला तिथल्या तिथे दटावले. शिवाय या गुलाबाला थंडीची लांब झोप लागते. आपल्याकडच्या हिवाळ्यात त्याला डुलकीसुद्धा पुरती लागायची नाही. पाने येतील, फोक वाढतील, आणि मी जूनची वाट पाहत बसेन, तो वर पाऊस. ती काटकी आम्ही तिथेच कुंडीत लावली.

मी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात परत आले. सप्टेंबरात राणी गेल्याची बातमी टीव्हीवर पाहिली, तेव्हा मला आमच्या गल्लीतली ती तीन टेबले आठवली.

2023 च्या जूनमध्ये एका दुपारी बहिणीचा फोन आला, चित्र दिसणारा. तिने फोन भिंतीकडे फिरवला. मी मोजायला लागले आणि चाळिसाच्या पुढे सोडून दिले. भिंतीच्या विटा दिसत नव्हत्या. खाली आजीबाई खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर आमची भाची, सव्वा वर्षाची, एक पाकळी तोंडात घालायच्या बेतात. आजीबाईंनी माझ्याकडे पाहून काठी वर केली आणि एका फांदीकडे दाखवले. सुतळी सुटून ती उभी गेली होती. "डाउन," त्या म्हणाल्या, "यू कम अँड टाय."

बहिणीने 2024 साली स्वतःचे घर घेतले, त्याच गावात, चार गल्ल्या सोडून. कुंडीतले रोप तिने बरोबर नेले आणि आजीबाईंनी उन्हातली भिंत निवडून दिली. त्याला पहिल्या वर्षी तीन फुले आली. त्यांचे फोटो माझ्या फोनमध्ये आहेत, चहाच्या वेळी दाखवीन. ज्यांनी चष्मा आणलेला नाही, त्यांनी आताच घरून मागवून घ्यावा.